तिकीट काढून पाहिलेली जाहिरात



परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची कायद्याची अट अमान्य करून कोकाकोला कंपनीने १९७७ साली भारतातून गाशा गुंडाळला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. १९९३ साली ती परतली आणि १९९९ च्या ‘ताल’ चित्रपटात तिची बाटली थेट नायक-नायिकेच्या प्रेमप्रसंगात येऊन बसली. कंपनीला कायद्याने अट घालता येते. पण उष्ट्या बाटलीतून फुलणाऱ्या प्रेमाला अट कोण घालणार?

उत्पादक मालाबरोबर त्याची गरजही निर्माण करतो, हे गॅलब्रेथ यांनी १९५८ मध्येच मांडले होते. परंतु वृत्तपत्रातील जाहिरात निदान जाहिरात म्हणून समोर येते. वाचक सावध होतो, पान उलटतो. चित्रपटगृहात प्रेक्षक ही सावधगिरी दाराबाहेर ठेवूनच बसलेला असतो. आपल्याला कोणी काही विकतो आहे, हेच त्याला जाणवत नाही. मग पारखून घेणार काय? पाठ्यपुस्तकातील विवेकी ग्राहक (मीही तो वर्षानुवर्षे शिकविला!) त्या अंधारात कुठेच नसतो. शिवाय अशा प्रसंगाचे मोल निर्माता कंपनीकडून घेतो आणि प्रेक्षकाकडून तिकिटाचेही घेतो.

धूम्रपानाच्या दृश्यावर २०१२ पासून इशारा द्यावा लागतो. कोणत्या वस्तूसाठी कोणी पैसे मोजले, हेही त्याच पडद्यावर लिहिले जावे, अशी मागणी आपण केली पाहिजे.