डिंकाचा ठसा आणि पळसाचा रंग

फाल्गुनाच्या अखेरीस यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्यांतून सातपुड्याकडे जाणाऱ्यास काय दिसतें? गवत करपलेलें, माती पिंगट, सागाचीं पानें गळून गेलेलीं. आणि या उदास पसाऱ्यांत एखादाच पळस निखाऱ्यासारखा पेटलेला. याच देखाव्याचें जुन्या पद्धतीच्या प्लेटीवर छायाचित्र घेतलें, तर तो पळस काळा उमटतो. त्या प्लेटीस निळा प्रकाश भराभर लागतो, तांबडा जवळजवळ लागतच नाहीं. ज्या झाडाकरितां कॅमेरा उभा केला, तेंच चित्रांत कोळशाच्या ढिगासारखें दिसतें.

खानदेशाच्या परिसराला ही अडचण नवी नाहीं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यास १८४४ सालीं मेजर रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली. त्याच्या रंगीत नकलांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. त्यानें कॅमेऱ्यानें टिपलेलीं लेण्यांचीं चित्रें १८६४ सालीं फर्ग्युसनच्या विवेचनासह पुस्तकरूपानें निघालीं, व तीं टिकलीं. रंग होता तें जळालें, उरलें तें बेरंगी! १८७९ सालीं वारलेल्या गिलची कबर भुसावळास आहे.

एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील चित्रशाळांतून छायाचित्रांवर कुंचल्यानें शेल्याचे कांठ व दागिने रंगवीत. तेथें रंग कोठें व किती, हें कुंचला ठरवी. डिंकाच्या पद्धतींत मात्र किती हें ऊन ठरवितें. बायक्रोमेट लावलेल्या कागदावर प्रकाशाचा परिणाम होतो, हें १८३९ सालीं मंगो पाँटन यानें दाखविलें. डिंकाच्या पाण्यांत रंगाची पूड व बायक्रोमेट मिसळून कागदास लावावें, अंधारांत वाळवावें व निगेटिव्हखालीं उन्हांत ठेवावें. ऊन लागलेला डिंक घट्ट होतो. न लागलेला पाण्यांत रंगासह सुटून जातो.

प्रथम सबंध देखावा निळ्या ठशांत छापावा. हर्शेलनें १८४२ सालीं काढलेली ही सायनोटाइपची रीत इंजिनियरांच्या निळ्या नकाशांमुळें पुष्कळांच्या परिचयाची आहे. कागद आधींच ऊन पाण्यांत भिजवून वाळविलेला असावा, नाहीं तर तो पुढें आकसतो व दुसरा ठसा पहिल्यावर बसत नाहीं. मग धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यानें, बारीक कुंचल्यानें, पळसापुरता निळा रंग उडवावा. तेथें पिवळट डाग राहतो, पण नारिंगी रंगाखालीं तो लपतो. कागद स्वच्छ धुऊन त्यावर जिलेटिनचा हात द्यावा आणि पळसाच्या जागींच नारिंगी डिंक लावून तेंच निगेटिव्ह पुन्हां अचूक बसवावें.

येथें एक गंमत आहे. प्लेटीला तांबडें दिसत नाहीं, म्हणूनच निगेटिव्हवर पळसाची जागा पारदर्शक राहते. तेथून ऊन भरपूर जातें आणि रंग दाट धरतो. प्लेटीचें आंधळेपणच असें कामास येतें. हल्लीं संगणकावरून पारदर्शक फिल्मवर निगेटिव्ह छापतात; त्यांनीं रंगीत चित्राचा केवळ निळा अंश घ्यावा, म्हणजे तोच लाभ होतो.

अशा चित्राला कांहीं जण लबाडी म्हणतात. काळा पळस तरी कोठें खरा? चाळीसगांवचे केकी मूस (१९१२–१९८९) टेबलावर वस्तूंची मांडणी करून चित्रें घेत. त्यांच्या कलेला कोणी खोटी म्हटलें नाहीं. मात्र पळसाबरोबर आकाश, नदी आणि गुराख्याचें मुंडासेंही रंगविण्याचा मोह आवरावा. तसें केल्यास ती दिनदर्शिका होते.

पळसाच्या फुलांचाच रंग वापरावा, असें भाबड्या मनास वाटेल. होळीला तो शोभतो. कागदावर उन्हानें विटतो. टिकाऊ खनिज रंगच घ्यावा. मातीच्या छटेस गेरू उत्तम. बायक्रोमेट विषारी व कर्करोगास कारण होणारें आहे. रबरी हातमोजे घालावे, मुलांस दूर ठेवावें आणि तें पाणी विहिरीजवळ वा गटारांत ओतूं नये.

खानदेशच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. त्या उष्म्यानें लावलेला डिंक अंधारांतही आपोआप घट्ट होऊं लागतो व मग रंग सुटत नाहीं. याकरितां निगेटिव्ह फाल्गुनांत घ्यावें आणि ठसे मार्गशीर्षांतल्या थंडींत, सकाळीं लावून त्याच दिवशीं छापावे.