कोणता पैसा कोणत्या पेटीत?
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



या रोगाचे नाव भरसभेत घ्यावे की नाही, यावर आमच्या समितीत अर्धा तास खल झाला. अखेर एक वयस्क आपा म्हणाल्या, "नाव घ्यायला लाजता, मग वर्गणी कशी मागणार?" म्हणून स्पष्टच सांगते : स्तनाचा कर्करोग.

आमच्या मोहल्ल्यातील एका चाचींनी छातीतली गाठ वर्षभर ओढणीखाली लपविली. दुखत नव्हती, म्हणून बोलल्या नाहीत. ही गाठ बहुधा दुखत नाही, हाच तिचा दगा. चाची इस्पितळात पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. मग मात्र लोकांनी हात आखडला नाही. दोन जुम्म्यांत पैसे जमले. पण चाची वाचल्या नाहीत.

तेव्हा पैसा आधी कुठे लागावयास हवा होता? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली शहरातील झोपडपट्ट्यांत एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानेच स्तन तपासत. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा ठळक फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. पुढचे संशोधन त्यासाठीच हवे. महागडे यंत्र नाही, बाईचा शिकलेला हात! आपल्या शाळेतून दहावी होणाऱ्या मुलींकडे मी या दृष्टीने पाहते.

आता वर्गणीविषयी. वर्षभर शिलकीत राहिलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा म्हणजे जकात. ती हकदार गरिबाच्या मालकीची झाली पाहिजे, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. म्हणून जकातीतून गरीब रुग्णाला औषधासाठी, गाडीभाड्यासाठी, मुक्कामासाठी रक्कम द्यावी. किरणोपचार काही आठवडे, आठवड्याचे पाच दिवस चालतात. बाहेरगावचे कुटुंब तेवढे दिवस परळला कुठे राहणार? कित्येकांनी तिथल्या फूटपाथवर पथारी टाकली आहे. संशोधन आणि आरोग्यसेविकांचे मानधन यांसाठी मात्र ऐच्छिक सदका आणि लिल्लाह रक्कमच घ्यावी. शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारा. पण शंकेच्या नावाखाली खिसा बंद करू नका, एवढी विनंती.

आम्ही दोन पावतीपुस्तके छापली आहेत. हिरवे जकातीचे, पांढरे सदक्याचे. दोन्हींचा हिशेब निराळा राहील आणि पुढील स्मरणिकेत पैन् पै छापला जाईल. रुग्णाचे नाव मात्र छापणार नाही. पुस्तके कार्यालयात आहेत. भगिनींनी पुरुषांसमोर यावयाचे नसेल, तर मुलींच्या शाळेत बाईंकडे पावती मिळेल. आणि गाठीविषयी काही सांगावयाचे असेल, तर तेही बाईंनाच सांगावे.