मुलांना विचारू द्या



जव्हार-मोखाड्यात आपला मुलगा वारली, कोकणा, महादेव कोळी मुलांशेजारी वर्गात बसतो. घरी येऊन विचारतो, "अब्बा, ते वाघदेव का मानतात?" आपण "गप्प बस" म्हणतो, आणि तिथेच नुकसान होते.

संविधानाच्या २८व्या कलमानुसार संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. म्हणून ही जबाबदारी घरावर व समाजावर येते.

नमाज-रोजा शिकवाच, पण जकात कशासाठी, मजुराची मजुरी बुडवणे गुन्हा का, हेही समजावून सांगा. दहावीतल्या मुलाला नुसता हुकूम पुरत नाही, कारण लागते. रानात राहणाऱ्यांनी वाघाला का पूजले, हे त्याने मित्रालाच अदबीने विचारावे. साने गुरुजींनी अभ्यास करून 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक मराठीत लिहिले; त्याने त्यांचा धर्म गेला नाही. शेजाऱ्याला समजून घेतल्याने आपले ईमान डळमळणार नाही.

उत्तर येत नसेल तर लाजू नका. "चल, दोघे मिळून वाचू," असे म्हणा. पैगंबरसाहेबांवर उतरलेला पहिला आदेश वाचण्याचाच होता.

खुदा हाफिज.