पैसे मोजण्याआधी जोड्या जुळवा



कुकरची रिंग बदलायला आपण भांड्याच्या दुकानात जातो, तेव्हा दुकानदार आधी काय विचारतो? कुठल्या कंपनीचा कुकर, किती लिटरचा? रिंग कितीही नवी असली, महागाची असली, तरी मापाची नसेल तर शिटी होत नाही. आज ज्या वस्तूबद्दल आम्ही बोलणार आहोत, तिचंही तसंच आहे. ती म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायचा गेमिंग कॉम्प्युटर.

तुम्ही म्हणाल, बचत गटाचा आणि गेमचा काय संबंध? संबंध आहे. शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्या जोडीला आता कॉम्प्युटरसाठीही कर्जाचे अर्ज येतात. आमच्या एका गटात एका ताईंनी मुलासाठी असा अर्ज दिला. मुलगा आयटीआयला आहे. गेम खेळायचेत आणि व्हिडिओचं कामही शिकायचंय, हे त्यानं आईला सरळ सांगितलं होतं. बैठकीत दोन मतं पडली. काहीजणी म्हणाल्या, खेळायला कसलं कर्ज? बाकीच्या म्हणाल्या, ताईंचा हप्ता आजवर चुकला नाही, पैसा कशाला लावायचा ते त्यांचं त्या बघतील. शेवटी ठरलं, कर्ज द्यायचं, पण कोटेशन आधी बैठकीत वाचायचं. सगळ्यांच्या घामाचा पैसा बंद डब्यात अडकायला नको.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं: प्रोसेसर रायझन ५ ५६००, मदरबोर्ड बी६५०, रॅम डीडीआर५, एसएमपीएस ४५० वॅट. ग्राफिक्स कार्ड सोयाबीन विकल्यावर घ्यायचं होतं. रक्कम बजेटात बसत होती, पण भाग एकमेकांत बसत नव्हते. कसे, ते एकेक जोडी घेऊन सांगतो.

पहिली जोडी प्रोसेसर आणि मदरबोर्डची. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू आणि मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी. पाटीवर प्रोसेसरसाठी चौकोनी जागा असते, तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० हा एएम४ सॉकेटचा. बी६५० बोर्डाचं सॉकेट एएम५. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एएम५ मध्ये त्या बोर्डावर असतात. जोर लावला तर पिना वाकतील, पण प्रोसेसर बसणार नाही. इंटेल कंपनीचंही असंच. बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरना एलजीए१७०० सॉकेट लागतं, त्यानंतर आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए१८५१. आणि इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या बोर्डावर बसत नाही.

सॉकेट जुळलं तरी एक गोष्ट बघायची राहते. बोर्ड दुकानात बरेच दिवस पडून असेल, तर त्याच्या आतल्या प्रोग्रामला, म्हणजे बायोसला, नवा प्रोसेसर ओळखता येत नाही. मग मशीन सुरूच होत नाही. बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या बोर्डाला कोणकोणते प्रोसेसर चालतात त्याची यादी असते. बायोस कितवा लागेल तेही तिथं लिहिलेलं असतं. दुकानदाराकडून बायोस आधीच अपडेट करून घ्यावा.

दुसरी जोडी बोर्ड आणि रॅमची. डीडीआर४ आणि डीडीआर५ दिसायला बहिणी-बहिणी, पण दोघींची खाच वेगळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एएम४ ला डीडीआर४ लागते, एएम५ ला डीडीआर५. इंटेलच्या एलजीए१७०० मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, म्हणून तिथं बोर्डाचं पूर्ण नाव वाचायचं. शिवाय १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन सारख्या पट्ट्या घेतलेल्या बऱ्या. त्यानं वेग वाढतो.

तिसरी जोडी प्रोसेसर आणि स्क्रीनची. ही फार महत्त्वाची, कारण आपल्याकडे बऱ्याच वस्तू टप्प्याटप्प्यानं घेतल्या जातात. रायझन ५ ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. म्हणजे सोयाबीन विकेपर्यंत मशीन नुसतं घरात ठेवायचं आणि इकडे हप्ता मात्र सुरू! त्याच्याच नात्यातल्या ५६००जी ला ग्राफिक्स असतं. हलके गेम त्यावरही चालतात. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी नुसतं एफ अक्षर असेल, तर त्यालाही कार्डाशिवाय चित्र नाही. एका अक्षराचा फरक, पण तेवढ्यानं मशीन चालू की बंद ते ठरतं.

चौथी जोडी कार्ड आणि एसएमपीएसची. एसएमपीएस म्हणजे सगळ्या भागांना वीज वाटणारा डबा. पाच एचपीच्या मोटरला तीन एचपीचा स्टार्टर कोणी लावत नाही, तसंच इथं. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅट घेतं आणि त्यासाठी एनव्हीडिया कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. म्हणून कार्ड उद्या घ्यायचं असलं, तरी एसएमपीएस आजच त्या हिशोबानं घ्यायचा. कार्डाला लागणारी वायर त्यात आहे का, तेही विचारायचं. आणि कोटेशनवर नुसते वॅट नकोत, कंपनी आणि मॉडेलही हवं.

पाचवी जोडी कॅबिनेटची. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा. लहान कॅबिनेटमध्ये मोठा बोर्ड जात नाही. कॅबिनेटच्या माहितीत जास्तीत जास्त किती लांबीचं कार्ड मावतं ते दिलेलं असतं. कार्डाची लांबी त्याच्याशी ताडून बघा. प्रोसेसरवरच्या पंख्याची उंचीही तशीच बघायची.

आमच्या ताई फार शिकलेल्या नाहीत. पण गटाची वही दर महिन्याला त्याच जुळवतात. त्यांनी मुलाला शेजारी बसवलं, फोनवर एकेका भागाची माहिती काढायला लावली आणि वहीत दोन रकाने आखले. एकीकडे काय पाहिजे, दुसरीकडे काय दिलंय. आकडे आणि अक्षरं जुळली की खूण, नाही जुळली की फुली. पहिल्या कोटेशनवर चार फुल्या पडल्या.

मग दोन वाटा होत्या. बोर्ड आणि रॅम तशीच ठेवून रायझन ५ ७६०० घ्यायचा. तो एएम५ चा आहे आणि कार्डाशिवाय चित्रही दाखवतो, पण बजेट वाढत होतं. दुसरी वाट ५६००जी, बी५५० बोर्ड आणि डीडीआर४ रॅमची. ताईंनी दुसरी धरली आणि एसएमपीएस ५५० वॅटचा करून घेतला. दुकानदारानं कुरकुर न करता कोटेशन बदललं. डबे फोडल्यावर गेलो असतो, तर इतक्या सहज बदलून मिळालं नसतं.

आता आपल्या गावच्या विजेचं. लाइट अचानक गेली की चालू काम बुडतं, म्हणून यूपीएस हवा. पण त्यावरचा व्हीएचा आकडा म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचे बरेच यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतात. तो काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता असतो, अंधारात गेम खेळायला नाही. घराचं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या.

पुढे कार्ड बसवलं, की स्क्रीनची वायर बोर्डातून काढून कार्डाला लावायची, एवढं मुलांना सांगून ठेवा. नाहीतर कार्ड घेऊनही गेम पहिल्यासारखाच अडखळतो.

शेवटचं बिलाचं. असेंबल्ड मशीनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. म्हणून नुसतं "कॉम्प्युटर संच" असं बिल घेऊ नका. प्रत्येक भागाचं नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं जीएसटी बिल घ्या, आणि डबे वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मैत्रिणींनो, "तुला त्यातलं काय कळतंय" असं घरात कोणी म्हणालं, तर मागे सरू नका. मशीन जोडायचं काम मुलं करतील. पण हप्ता आपण भरणार, म्हणून जोड्या जुळल्यात का हे विचारायचा हक्क आपला. तुमच्या गटात असा अर्ज आला, तर कोटेशन बैठकीत मोठ्यानं वाचा, दोन रकाने आखा, आणि सगळ्या खुणा झाल्यावरच सही करा.