लेकींनो, पदासाठी उभ्या राहा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त आंजी (मोठी) येथे झालेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, क्रांतिबा जोतीराव फुले, माता सावित्रीबाई, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माता रमाई यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही विषयाला हात घालतो.

समितीने आम्हाला ‘स्त्रियांची प्रगती’ हा विषय दिला. विषय मोठा आहे आणि आम्ही पडलो गिरणी कामगार. जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या सभेत आणि या विहाराच्या ओट्यावर. म्हणून विषय लहान करून घेतला आहे. आपल्या लेकी आता इंजिनियर होत आहेत. सेवाग्रामला १९८३ साली इंजिनियरिंग कॉलेज निघाले, नागपूरचे तर त्याहून जुने. तिथे शिकून पोरी पुण्या-मुंबईला नोकरीला लागल्या. अशा लेकीने आपल्या धंद्यातल्या बायांच्या संघटनेत पदासाठी निवडणूक लढवावी की नाही? आमचे उत्तर आहे, लढवावी. का लढवावी आणि कशी लढवावी, एवढेच आज बोलायचे आहे.

हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. आपल्याच समाजातली एक लेक पुण्याला कारखान्यात इंजिनियर आहे. बाया इंजिनियरांच्या एका संस्थेची ती सभासद आहे. तिथे सचिवपदाची निवडणूक लागली आहे. फोनवर ती आम्हाला म्हणाली, ‘‘काका, फॉर्म भरू का? घरचे नाही म्हणतात.’’ अर्ज भरायला अजून थोडे दिवस आहेत. तिचे नाव आम्ही घेत नाही. तिच्या माहेरची आणि सासरची दोन्हीकडची माणसे आज इथे बसली आहेत, त्यांनी शांतपणे ऐकून घ्यावे एवढीच विनंती.

घरच्यांचे म्हणणे काय? ‘‘नोकरी हाय, लेकरू हाय, घर हाय. आता हे तिसरं लचांड काहून पाहिजे?’’ दुसरे म्हणतात, ‘‘पुढं पुढं केलं की लोक आडनाव विचारतात, जात काढतात. गपचूप नोकरी करावी.’’ हे बोलणे मायेपोटी आहे, आम्हाला ठाऊक आहे. पण मायेपोटी लेकीला मागे ओढले तरी ती मागेच राहते.

आधी पाहू की अशी संघटना लागते कशाला. १९७४ सालची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. पुण्याच्या टेल्कोची जाहिरात निघाली आणि तीत लिहिले होते की स्त्रियांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. मुलाखतीला बोलावणे आले, नोकरीही मिळाली. फार धीराचे काम केले त्यांनी. पण बंधू-भगिनींनो, एका पोस्टकार्डाने एकीसाठी दार उघडते. ज्या मुलीला कार्ड कोणाला लिहावे हेच माहीत नाही, तिचे काय? रात्रपाळीहून घरी परतायला गाडी नाही, साइटवर संडास नाही, बाळंतपणाहून परत आले तर खुर्चीवर दुसराच बसलेला. हे प्रश्न एकटीच्या अर्जाने सुटत नाहीत. आम्हा कामगारांना हे कोणी शिकवायला नको. एकटा कामगार साहेबाच्या केबिनमध्ये गेला तर त्याला उभे ठेवतात. दोनशे जणांच्या सह्या घेऊन चिटणीस गेला तर खुर्ची देतात.

इंग्लंडातल्या बायांना हे १९१९ साली कळले. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले तेव्हा कारखाने बायांनी चालवले, तोफगोळे त्यांनी केले. युद्ध संपले आणि सरकारने कायदा आणला की पूर्वीसारखीच कामाची पद्धत सुरू करा. म्हणजे बायांनी घरी जा. आणि लक्षात घ्या, हा कायदा व्हावा म्हणून पुरुषांच्या युनियनांनीच जोर लावला होता. तेव्हा सात बायांनी मिळून लंडनला ‘विमेन्स इंजिनियरिंग सोसायटी’ काढली. रेचेल पार्सन्स पहिल्या अध्यक्ष झाल्या आणि कॅरोलिन हॅस्लेट पहिल्या सचिव. या हॅस्लेटबाई मोठ्या घरच्या नव्हत्या, इंजिनियरिंगची पदवीही त्यांच्याजवळ नव्हती. बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत त्या कारकून म्हणून लागल्या आणि तिथेच यंत्राचे काम शिकल्या. सचिवपदावर वर्षानुवर्षे राबल्या आणि पुढे त्याच संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. अमेरिकेतल्या बाया इंजिनियरांनी १९५० साली आपली सोसायटी काढली. बिॲट्रिस हिक्स तिच्या पहिल्या अध्यक्ष. त्या संस्थेचे गट आज भारतातही चालतात.

आपल्या देशातही हे झाले. मद्रासच्या ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात चार महिन्यांची पोर. पण गिंडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकून त्या विजेच्या इंजिनियर झाल्या. त्यांच्या पदवीच्या कागदावर छापलेला ‘तो’ खोडून ‘ती’ लिहावे लागले, असे सांगतात. भाक्रा-नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांच्या कामात त्यांचा हात होता. १९६४ साली न्यूयॉर्कला बाया इंजिनियर आणि शास्त्रज्ञांची पहिली जागतिक परिषद भरली, तिला त्या गेल्या. मुंबईत १९७३ साली ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ निघाली, ती आज नव्या मुंबईत वाशीला आहे. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून १९६७ साली मेकॅनिकलच्या पदवीधर झालेल्या लीला पूनावाला फाळणीच्या निर्वासित घरातल्या होत्या. त्या मोठ्या कंपनीच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या नावाच्या फाउंडेशनची शिष्यवृत्ती आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या मुलींनाही मिळते. ज्या घरात ती माहिती पोचली नसेल त्यांनी सभा संपल्यावर आम्हाला भेटावे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे मोठ्यांचे. आपले काय? तर आपला इतिहास यात कमी नाही. आपलेच लोक तो विसरतात याचे वाईट वाटते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. बाबासाहेब स्वतः हजर होते. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या अशी नोंद आहे. अध्यक्ष कोण, तर अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. ठराव काय केले ते ऐका. नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा हक्क पाहिजे, एकाहून अधिक बायका करण्याला बंदी पाहिजे, कामकरी बायांना भरपगारी रजा आणि म्हातारपणी पेन्शन पाहिजे, कायदेमंडळात बायांना जागा पाहिजेत. आणखी एक ठराव आम्हा गिरणीवाल्यांच्या काळजाला भिडतो. जिथे बाया काम करतात तिथे देखरेखीला बाईच नेमा, असे त्यांनी म्हटले. मुकादमाचा जाच ज्यांनी सोसला त्यांनाच असा ठराव सुचतो.

त्याच नागपुरात गिरणीत काम करता करता राधाबाई कांबळे कामगारांच्या पुढारी झाल्या आणि १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. स्टेशनवर ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरींनी मुलींची शाळा काढली. या बायांना लेकरे नव्हती काय? घर नव्हते काय? त्यांना तर धड चूलही नव्हती. त्या कमिशनपुढे उभ्या राहू शकतात, मग पदवी घेतलेली आपली लेक सचिवपदाला उभी राहायला का भ्यावी?

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधाऱ्यांचे खातेही सांभाळले. दामोदर खोऱ्याची योजना, पाणी आणि विजेची केंद्रीय मंडळे ही त्याच काळातली कामे. म्हणजे धरणे आणि वीज हा विषय आपल्याला परका नाही. आमचे म्हणणे असे की समाजातली जी पोरगी इंजिनियर होते ती बाबासाहेबांच्या त्या कामाचीही वारस आहे.

आता निवडणूक कशी लढवावी? यासाठी आम्ही धम्माकडे जातो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की संसदेची रीत या देशाला नवी नाही, भिक्खू संघात ती होती. ठराव मांडणे, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, सगळे होते. विनयपिटकात मतदानाच्या काड्या वाटणारा आणि गोळा करणारा भिक्खू कसा असावा ते सांगितले आहे. त्या काडीला शलाका म्हणत. तो पक्षपात करणारा नसावा, द्वेष करणारा नसावा, मूढ नसावा, भित्रा नसावा, आणि कोणते मत घेतले, कोणते घेतले नाही हे त्याला कळावे. पाच गुण. आम्हाला वाटते, पदाला उभ्या राहणाऱ्यालाही हेच पाच लावून पाहावेत. त्या लेकीलाही आम्ही फोनवर हेच सांगितले.

पक्षपात नको म्हणजे आपल्या गावची, आपल्या कॉलेजची, आपल्या जातीची म्हणून मत मागू नये आणि त्यावरून कोणाला टाळूही नये. द्वेष नको म्हणजे समोरच्या उमेदवार बाईची निंदा करू नये. उद्या तिच्याचबरोबर काम करायचे आहे. मूढ नको म्हणजे आधी संस्थेची घटना वाचावी. सभासदत्व किती दिवसांचे लागते, सूचक-अनुमोदक कोण चालतात, वर्गणी थकली आहे का, मागच्या वर्षीचा हिशोब काय, हे सगळे पाहावे. युनियनच्या निवडणुकीत चांगले चांगले उमेदवार एका थकलेल्या वर्गणीपायी बाद झालेले आम्ही पाहिले आहेत. भीती नको, याचा अर्थ सांगायला नको. आणि पाचवा गुण म्हणजे मोजता आले पाहिजे. आपल्याला कोण मत देईल, कोण देणार नाही, हे एका वहीत लिहून काढावे. जी बाई देणार नाही तिलाही एकदा भेटावे. तिच्याकडूनच खरी अडचण कळते.

जाहीरनामा एका पानाचा असावा. त्यात दहा वचने नकोत, तीन पुरे. पण तिन्ही अशी की वर्षअखेरीला हो किंवा नाही सांगता येईल. ‘स्त्रियांचा विकास करू’ हे वचन नव्हे. ‘गावाकडून आलेल्या नव्या मुलींना राहायच्या चांगल्या जागांची यादी दर जूनमध्ये देऊ’ हे वचन आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक कामाच्या जागी छळाच्या तक्रारीसाठी समिती पाहिजे आणि तिची अध्यक्ष बाईच पाहिजे. ‘ही समिती कोणाकडे आहे, कोणाकडे नाही, याची सभासदांकडून माहिती गोळा करू’ हेही वचन आहे.

आणि पडली तर? पडू द्या. बाबासाहेब १९५२ साली मुंबईत लोकसभेला पडले, १९५४ साली भंडाऱ्याला पडले. म्हणून त्यांचे काम थांबले काय? पडलेल्या उमेदवाराजवळ मत दिलेल्या माणसांची यादी असते. पुढचे काम त्या यादीपासून सुरू होते.

आता घरच्या माणसांना दोन शब्द. महाप्रजापती गौतमीने तीनदा मागितले आणि तिन्हीदा नकार मिळाला. ती घरी बसली नाही. शाक्य बायांना घेऊन कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी गेली, पाय सुजले. मग आनंदाने तिच्यासाठी शब्द टाकला. प्रत्येक लेकीला असा एक आनंद लागतो. तो नवरा असू शकतो, सासू असू शकते, भाऊ असू शकतो. त्याने भाषण करायचे नाही. महिन्यातून दोन रविवार लेकरू सांभाळायचे. तिची मीटिंग असेल त्या संध्याकाळी कुकर लावायचा. एवढ्याने एक सचिव तयार होते.

शेवटी आपल्या घरचे. पंचायतीत बायांना आरक्षण १९९३ पासून आले, महाराष्ट्राने २०११ साली ते निम्मे केले. आंजीची बाई सरपंच होऊ शकते. पण किती विहारांच्या समित्यांत बाई अध्यक्ष, सचिव किंवा कोषाध्यक्ष आहे? वंदनेला पुढे बाया, वर्षावासात ग्रंथ ऐकायला बाया, वर्गणी गोळा करायला बाया, खीरदान करायला बाया. आणि मंचावरच्या खुर्च्या मोजा. आज या मंचावरच्याही मोजा. पुण्याच्या संस्थेत पोरीने उभे राहावे असे म्हणणारा माणूस इथे गप्प बसला तर त्याचे बोलणे कोणी ऐकू नये.

म्हणून आम्ही या सभेपुढे सूचना ठेवतो. समितीच्या येत्या निवडणुकीत तीन मुख्य पदांपैकी निदान एक पद उपासिकेकडे असावे, आणि ते नेमून नव्हे, निवडून. ज्यांना उभे राहायचे असेल त्यांनी नाव द्यावे. सूचक म्हणून आमची सही आम्ही आजच देतो. अनुमोदक आपल्यातून पुढे यावा.

त्या पुण्याच्या लेकीला आज रात्री आम्ही फोन करणार आहोत. घरची माणसे काय म्हणाली, असे ती विचारेल. काय सांगायचे ते आपण सभा संपायच्या आत आम्हाला सांगावे.

 सर्वांचे मंगल होवो.

जय भीम! जय भारत!