करवंदीचें कुंपण

रोपवाटिकेच्या सचित्र सूचीपत्रांत लालभडक फळांच्या घोसांनीं लगडलेलें एक कांटेरी झुडूप पाहून जळगांवच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या गृहस्थास तेंच आपल्या अंगणाभोंवतीं लावावें असा मोह पडला, तर त्यांत नवल नाहीं. त्या झुडपाचें नांव पायराकँथा. अग्नि आणि कांटा या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून हें नांव झालें आहे. तें गुलाबाच्या व सफरचंदाच्या कुळांतील असून थंड हवेंत रमणारें आहे. त्याचा एक भाऊबंद कुमाऊंच्या डोंगरांत घिंगारू या नांवानें ओळखला जातो. परंतु जेथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्या तापीच्या खोऱ्यांत त्यास सुख लाभणें कठीण. मात्र तीक्ष्ण कांटे, बारमाही हिरवीं पानें, शुभ्र फुलें आणि रंगीत फळें हे चारहि गुण ज्या एका झुडपांत एकत्र आले आहेत, तें महाराष्ट्राच्या फार जुन्या परिचयाचें आहे. तें म्हणजे करवंदी.

कुंपण या नात्यानें करवंदीची परीक्षा इतिहासांतहि झालेली आहे. कर चुकवून मिठाची ने-आण होऊं नये म्हणून इंग्रज सरकारनें एकोणिसाव्या शतकांत सिंधु नदीपासून महानदीपर्यंत जकातीची एक रेषा आखली होती. तिच्या मोठ्या भागावर जिवंत कांटेरी कुंपण वाढविण्यांत आलें आणि तें खानदेशाच्या वेशीवरील बऱ्हाणपुरापर्यंत येऊन पोंचलें. बाभूळ, बोर व निवडुंग यांच्या जोडीला त्यांत करवंदीहि होती. १८६७ ते १८७० या काळांत जकात खात्याचे आयुक्त असलेल्या अॅलन ह्यूम यांनीं, जेथें जमीन निकृष्ट होती तेथें चर खणून चांगली माती भरविली. १८८५ मध्यें काँग्रेसच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. इतकें करूनहि वाळवी, उंदीर, आग आणि परोपजीवी वेली यांनीं त्या कुंपणास वेळोवेळीं भगदाडें पाडलीं. १८७९ मध्यें ती रेषाच मोडीत निघाली. गरिबाच्या मिठावर पहारा करणाऱ्या त्या कुंपणाचें दुःख कोणास होण्याचें कारण नाहीं. तथापि त्यापासून मिळणारा धडा लहानशा अंगणासहि लागू आहे. झाड कितीहि कणखर असलें तरी त्याचें कुंपण आपोआप होत नाहीं. तें राखावें लागतें.

पहिला विचार जमिनीचा. जळगांवकडील काळी, खोल जमीन पावसाळ्यांत पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. धुळ्याकडे पुष्कळ ठिकाणीं जमीन मुरमाड व उथळ असून तींत ओल टिकत नाहीं. काळ्या जमिनींत रोपें उंच वरंब्यावर लावावीं. मुरमाड जमिनींत दीड-दोन फूट खोल चर खणून तो माती व कुजलेलें शेणखत यांनीं भरून घ्यावा. दोन रोपांमध्यें दोन ते तीन फूट अंतर पुरेसें होतें. बी पेरावयाचें असल्यास पिकल्या फळांतून काढतांच पेरावें. साठविलेलें बी लवकर निर्जीव होतें. लागवडीस पावसाळ्याचा आरंभ उत्तम.

पहिले दोन उन्हाळे कसोटीचे. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्यानें मुळें वरच्या वर राहतात आणि एक दिवस चुकला कीं झाड कोमेजतें. त्यापेक्षां आठ-दहा दिवसांनीं एकदां, पण खोलवर पोंचेल असें पाणी द्यावें आणि बुंध्याभोंवतीं केळीच्या वाळलेल्या पानांचें आच्छादन घालावें. तीं पानें या भागांत विपुल आहेत. पुढें करवंदी थोडक्या पाण्यावर तग धरते.

नेहमींची तक्रार असते ती पानें पिवळीं पडण्याची. अशा वेळीं प्रथम पान नीट पाहावें. शेंड्याचीं कोंवळीं पानें पिवळीं व त्यांतील शिरा मात्र हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनींत झाडास लोह मिळत नाहीं असें समजावें. शेणखत द्यावें आणि लिटरभर पाण्यांत ५ ग्रॅमहून अधिक नाहीं इतकें हिराकस विरघळवून सायंकाळीं फवारावें. उलट, खालचीं जुनीं पानें पिवळीं पडून गळत असतील आणि माती ओली असेल, तर मुळांशीं पाणी तुंबलें आहे. तेथें आणखी पाणी घालणें म्हणजे बुडत्यास अधिक बुडविणें होय.

पानांवर काळी काजळी आणि फांद्यांवर मुंग्यांची रांग दिसली, तर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण यांचा शोध घ्यावा. पाण्याचा जोरदार फवारा, सौम्य साबणाचें पाणी किंवा निंबोळीचें तेल यांनीं बहुधा भागतें. पिवळ्या दोऱ्यांसारखी अमरवेल दिसतांच मात्र ती ज्या फांदीस चिकटली असेल त्या फांदीसकट कापावी. तिचा तुकडाहि पुन्हां वाढूं शकतो.

आतां कात्रीविषयीं. रोप वर्षाचें झालें कीं तें जमिनीपासून फूटभर उंचीवर छाटावें. मन धजत नाहीं. पण तसें न केल्यास कुंपण खालून उघडें राहतें आणि शेळीस वाट मिळते. पुढेंहि कुंपण तळाशीं रुंद व माथ्याशीं अरुंद ठेवावें, म्हणजे खालच्या पानांस ऊन पोंचतें. करवंदीचीं फुलें फांद्यांच्या टोंकांशीं येतात. म्हणून जो माळी वर्षभर दर महिन्यास कात्री चालवितो, त्यास नीटनेटकी भिंत मिळते, फळ मिळत नाहीं. फळें संपल्यावर एकदां चांगली छाटणी करावी. मग रस्त्याकडील बाजू तेवढी कातरून अंगणाकडील बाजू मोकळी सोडावी. छाटलेल्या फांद्या दंताळ्यानें गोळा कराव्या. त्यांचे कांटे पायांत व सायकलच्या चाकांत शिरतात.

एक सावधगिरी मुलांच्या घरीं विसरूं नये. पिवळा कण्हेर हा करवंदीच्याच कुळांतील. दोहोंचाहि चीक पांढरा आणि दोन्ही कुंपणास लावतात. परंतु करवंदाचें लोणचें व मुरंबा होतो, तर कण्हेराचें फळ प्राणघातक आहे. हीं दोन झाडें एका ओळींत कदापि लावूं नयेत. 'कुंपणावरचें फळ खाण्याचें असतें' एवढेंच मुलास शिकविलें गेलें, तर तें अर्धें शिक्षण धोक्याचें ठरेल. झाड ओळखून हात पुढें करावयास शिकलेलें मूल मात्र करवंदीच्या कांट्यांतूनहि पिकलें फळ अचूक काढून आणतें.