अर्जाचा वाढदिवस
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



काळ्या फिती, गेट सभा, धरणे ही आपली नेहमीची हत्यारे. ती टाकून द्या असे मी म्हणत नाही. पण साहेबालाही आता त्यांची सवय झाली आहे. फीत पाहून तो विचारतो, "आज कशाची?" म्हणून आज थोडे वेगळे बोलतो.

जपानच्या राष्ट्रीय रेल्वेतील कामगारांना कायद्याने संप मना होता. तेव्हा त्यांनी नियमानुसार कामाचा मार्ग धरला. गाड्या रखडू लागल्या. 13 मार्च 1973 रोजी टोकियोच्या उत्तरेकडील आगेओ स्टेशनवर खोळंबलेल्या प्रवाशांचा संयम सुटला आणि त्यांनी मोडतोड केली. भांडण प्रशासनाशी, पण समोर उभा ठाकला प्रवासी.

त्याच जपानात एप्रिल 2018 मध्ये ओकायामाच्या बसचालकांनी उलट केले. प्रतिस्पर्धी कंपनीच्या स्वस्त फेऱ्यांमुळे नोकऱ्या धोक्यात येतील अशी त्यांना भीती होती आणि मालकाकडून हमी हवी होती. त्यांनी बस चालूच ठेवल्या, फक्त भाड्याच्या पेटीवर कापड टाकले. प्रवासी आपल्या जागी पोहोचला, गल्ला रिकामा राहिला. बुकिंग क्लार्क बंधूंनी माझ्याकडे असे पाहू नये! आपल्याकडे रोकड कमी भरली तर वसुली आपल्याच पगारातून. तो प्रयोग जसाच्या तसा उचलता येणार नाही.

आपल्याला जमेल असे एक सांगतो. मी सॉर्टिंगला होतो तेव्हा हॉलमधले दोन पंखे बंद होते. अर्ज दिला, स्मरणपत्रे दिली, वर्ष उलटले. कामाला बसले की घाम पत्रांवर टपकायचा. आमचे एक ज्येष्ठ साथी म्हणाले, "अर्जाचा वाढदिवस करू या." जेवणाच्या सुट्टीत आवक शिक्क्याची प्रत टेबलावर ठेवली, तिला हार घातला, शेजारी मेणबत्ती लावली. पंखाच नाही, तेव्हा ज्योत हलेना! साहेबांना रीतसर बोलावून पेढा दिला.

एका पोराला साहेबांची नक्कल करायची होती. साहेब बोलताना अडखळत. ज्येष्ठांनी त्याला तिथेच गप्प केले. ते बरे झाले. त्यावर हसलो असतो तर पंखे बाजूला राहिले असते, माणसाचा अपमान तेवढा उरला असता, आणि तो त्यांनी का विसरावा?

साहेब आधी लालबुंद झाले. मग त्यांनी तो अर्ज हातात घेऊन वाचला. माझी खात्री आहे, पहिल्यांदाच वाचला. फाइल विद्युत विभागात अडकली होती. त्यांनी आमच्यासमोर फोन लावला आणि हातातला पेढा फोन संपेपर्यंत तसाच राहिला. नवव्या दिवशी पंखे फिरले.

त्यातला एक खडखड आवाज करत होता. त्याचा अर्ज आम्ही त्याच दुपारी दिला.